भावाला टाईप वन निघाला, आता घरातल्या मोठ्यांनी अँटीबॉडी टेस्ट करावी का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ ३३ वर्षांचा, देवगडकडे कलमांचं काम बघतो, अंगाने बारीक. २ वर्षं शुगरच्या गोळ्या चालू होत्या, या मे महिन्यात उलट्या होऊन अ‍ॅडमिट, किटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) वाढलेले, तिथे गॅड अँटीबॉडी (टाईप वनची रक्तातली एक खूण, खाली सांगतो) पॉझिटिव्ह आली आणि आता दिवसाला ४ इंजेक्शनं. त्याला ६ वर्षांची मुलगी. आईला २० वर्षं शुगर आहे पण ती गोळ्यांवर व्यवस्थित आहे. तुम्ही ३८ च्या, थायरॉईडची गोळी चालू. आणि तुम्ही वाचलंत की ब्रिटनमध्ये ठणठणीत मोठ्या माणसांचं पण बोटातून रक्त घेऊन हा धोका तपासतायत, मग आपण घरातल्या सगळ्यांनीच का करून घेऊ नये, असं विचारताय.

मी सिंधुदुर्गात २२ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय, त्यातला बराचसा वेळ डायबेटीसच्या पेशंटमध्येच जातो. तर सरळ उत्तर असं, की सगळ्यांनी नाही. पण तुमच्या घरात दोघींनी करावी, आणि त्यात पहिला नंबर तुमचा नाहीये, तुमच्या भाचीचा आहे. असं का म्हणतोय ते नीट सांगतो, कारण या टेस्टमध्ये रिपोर्ट काय आला यापेक्षा तो कोणाचा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

आधी आजार. टाईप वन म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. हे एका रात्रीत होत नाही, शुगर वाढायच्या कितीतरी महिने, कधीकधी कितीतरी वर्षं आधी आत सुरू झालेलं असतं आणि बाहेर काहीच दिसत नाही, माणूस जेवतोय, कामाला जातोय. पण त्या काळात रक्तात त्याच्या खुणा सापडतात, त्या म्हणजे अँटीबॉडी. मुख्य ४ बघतात: गॅड, आयए-टू, झिंक ट्रान्सपोर्टर-८ आणि इन्सुलिनविरुद्धची. ही चौथी, इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालेल्या माणसात बघून उपयोग नसतो, कारण बाहेरून दिलेल्या इन्सुलिनविरुद्धही अँटीबॉडी तयार होतात, त्यामुळे भावाची ती आता करायला कोणी सांगितली तर नको म्हणा. आता यापैकी २ किंवा जास्त पॉझिटिव्ह आणि शुगर नॉर्मल म्हणजे पहिली स्टेज. २ पॉझिटिव्ह आणि शुगर जराशी सरकलेली, म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा ग्लुकोज पिऊन २ तासांनी १४० ते १९९, ही दुसरी स्टेज. आणि शुगर सरळ डायबेटीसच्या घरात गेली की तिसरी. आपण आजपर्यंत पेशंटला गाठायचो ते तिसऱ्या स्टेजला, ते पण बरेचदा इमर्जन्सीत, तुमच्या भावासारखं.

आता वय. लोकांच्या डोक्यात, आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात पण, टाईप वन म्हणजे लहान मुलांचा आजार असं घट्ट बसलंय. ब्रिटनच्या एक्सेटरच्या टीमने २०१८ मध्ये यूके बायोबँकचा, म्हणजे तिकडच्या लाखो लोकांच्या आरोग्याच्या आणि जनुकांच्या नोंदींचा, मोठा डेटा जनुकांच्या आधारावर तपासला तेव्हा दिसलं की वयाच्या साठीपर्यंत जे टाईप वन होतात त्यातले ४२ टक्के तिशीनंतरचे आहेत. जवळपास निम्मे! मग आमच्या नजरेतून सुटतात कसे? तर त्याच अभ्यासात उत्तर आहे, ३१ ते ६० या वयात जेवढे डायबेटीस निघतात त्यातले टाईप वन फक्त ४ टक्के. म्हणजे ओपीडीत १०० मोठी माणसं नवीन शुगर घेऊन आली तर ९६ वेळा टाईप टू (नेहमीची शुगर, ज्यात इन्सुलिन बनतं पण पुरेसं काम करत नाही) म्हणून मी बरोबर असणार, आणि त्या सवयीने उरलेल्या ४ जणांना पण तीच चिठ्ठी लिहून देणार. हे आकडे तिकडचे आहेत, पण ही चूक आपल्याकडेही अशीच होते.

माझ्या हातून झालीये. ट्रॉलरवर काम करणारा एक माणूस, वय ४१, शुगर ३०० च्या वर, मी वय बघितलं आणि गोळ्या दिल्या. दर फेरीला वजन कमी दिसायचं, मी म्हणायचो कष्टाचं काम आहे, खाणं वेळेवर नाही. गोळ्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. १४ महिन्यांनी तो श्वास लागून आला तेव्हा मला कळलं. वाचला, आज चांगला आहे, पण ते १४ महिने त्याचे मी घालवले हे मी विसरलो नाही आणि तेव्हापासून माझी टेस्ट सांगायची पद्धत बदलली.

आपल्याकडे हे ओळखणं आणखी कठीण व्हायला दोन कारणं आहेत. एक म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये तहान कोणाला लागत नाही? लघवीला सारखं जावं लागतंय तर पाणी जास्त पितोय म्हणून, वजन उतरलं तर आंब्याचा सीझन, झोप नाही, दगदग म्हणून, उलट्या झाल्या तर पित्त म्हणून. घरातली म्हातारी माणसं म्हणणार, "उन्हाचो त्रास असतलो", कोकम सरबत देणार, आणि त्या सरबतात साखर. शुगर सापडलीच तर आंबे जास्त खाल्ले म्हणून वाढली असं ठरतं. तुमच्या भावाच्या बाबतीत काय झालं असेल ते मला न सांगता कळतंय. दुसरं कारण म्हणजे आपला बांधा. पाश्चात्य पुस्तकात लिहिलेलं असतं की बारीक माणसाला शुगर निघाली तर टाईप वनचा संशय घ्या, पण आपल्याकडे बारीक माणसाला टाईप टू खूप होतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार आधीपासून मांडलंय, दिसायला सडपातळ पण आत चरबी जास्त. त्यामुळे नुसत्या अंगकाठीवरून इथे काहीच ठरत नाही. त्यांच्या टीमने एक्सेटर आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेबरोबर २०२० मध्ये असंही दाखवलं की जनुकांचा टाईप वन रिस्क स्कोअर आपल्या लोकांमध्ये पण टाईप वन आणि टाईप टू वेगळे करायला कामाला येतो. पुढेमागे तो साध्या लॅबमध्ये आला तर आमचं काम खूप सोपं होईल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, सगळ्यांची टेस्ट का नाही. हे समजायला थोडा हिशोब करावा लागेल, कंटाळू नका, यातच सगळं आहे.

अँटीबॉडी टेस्टची पॉझिटिव्ह-निगेटिव्हची रेघ साधारण अशी आखलेली असते की निरोगी १०० माणसांत सुद्धा एखादा रेघेच्या वर येतोच. समजा तुमच्या गावातली १००० धडधाकट मोठी माणसं तपासली, तर १० जण असे येतील ज्यांना पुढे काहीही होणार नाही. आणि खरोखर टाईप वनच्या वाटेवर असलेले किती असतील? पाश्चात्य देशांतला आयुष्यभराचा धोका धरला तर ३०० त १, म्हणजे हजारात ३. आपल्याकडे तो त्याहून कमीच धरायला पाहिजे. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांत बहुतेक जण उगाच घाबरलेले. आता तीच टेस्ट टाईप वनच्या पेशंटच्या सख्ख्या भावंडांत आणि मुलांत करा. तिथे धोका १०० त ५ च्या आसपास असतो, म्हणजे हजारात ५० खरे आणि उगाच पॉझिटिव्ह तेच १०. टेस्ट तीच, लॅब तीच, पण एकीकडे पॉझिटिव्ह रिपोर्टवर विश्वास ठेवायला जागा नाही आणि दुसरीकडे भरपूर आहे. हिशोब ढोबळ आहे, टेस्ट खऱ्या सगळ्यांना पकडते असंही नाही, पण मुद्दा कळला असेल.

मग ब्रिटनमध्ये का करतायत? तर तो संशोधनाचा भाग आहे. ब्रिस्टल विद्यापीठाचा तो अभ्यास, १८ ते ७० वयाचे २०,००० लोक घेऊन, कारण लहान मुलांवर खूप अभ्यास झालेत आणि मोठ्यांमध्ये हा आजार किती हळू सरकतो, कोणाचा सरकतो, कोणाचा थांबून राहतो हे नीट कळलेलं नाही. तिथे एखादा पॉझिटिव्ह निघाला तर पुढे त्याला बघायला टीम तयार आहे. आपल्याकडे एखाद्याने स्वतःच पॅकेजमध्ये गॅड करून घेतली, पॉझिटिव्ह आली, आणि पुढे विचारायला कोणी नाही, तर त्याच्या हातात फक्त झोप उडवणारा कागद. इटलीने २०२३ मध्ये कायदाच केला, १ ते १७ वर्षांच्या मुलांची टाईप वन आणि सिलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडवणारा आजार) तपासणी, पण ते पण मुलांसाठी. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात तिशीनंतर शुगर तपासतात ते वेगळं, ते टाईप टू पकडायला आहे आणि ते मात्र प्रत्येकाने करायलाच पाहिजे.

आता तुमच्या घरातलं एकेक.

भाची, वय ६. सख्खा बाप टाईप वन, आणि लहान वय, ज्या वयात अँटीबॉडी दिसायला लागतात तेच. शिवाय मुलांमध्ये आजार वेगाने सरकतो. २ किंवा जास्त अँटीबॉडी असलेल्या मुलांत १० वर्षांत साधारण ७० टक्के मुलांना डायबेटीस झालेला दिसतो, १च असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून तिची टेस्ट मी आधी करेन, चारही अँटीबॉडी, आणि लहान मुलांच्या डॉक्टरांना किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनच्या आजारांचे डॉक्टर) विचारूनच. आत्ता तिला काही त्रास नसेल तर घाईने रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची गरज नाही, पण पुढच्या वर्षीवर पण टाकू नका.

तुम्ही. सख्खी बहीण आणि त्यात थायरॉईड. तो थायरॉईड ऑटोइम्यून, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे झालेला आहे का, त्यासाठी अँटी-टीपीओ ही थायरॉईडची अँटीबॉडी टेस्ट कधी केली होती का ते जुन्या फाईलमध्ये बघा, कारण हे आजार एकाच घरात, कधी एकाच माणसात येतात, थायरॉईड, सिलिॲक, अंगावरचं कोड, बी-१२ चा एक प्रकारचा ॲनिमिया. म्हणून तुमची एकदा टेस्ट करणं मला योग्य वाटतं. पण एक दिलासा पण आहे, ते जे १०० त ५ म्हटलं तो पूर्ण आयुष्याचा धोका, त्यातली ३८ वर्षं तुम्ही पार केलीत, तेव्हा उरलेला त्याहून कमी. उलट मला तुमच्या बाबतीत टाईप टूची काळजी जास्त वाटते, आईला आहे म्हणून, आणि आपला पट्टाच तसा आहे म्हणून. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) जो देशभरचा अभ्यास आला त्यात देशात ११.४ टक्के मोठ्यांना डायबेटीस आणि शेजारच्या गोव्यात २६.४ टक्के. बांद्याच्या पलीकडे गोवा, आपलं खाणं-राहणं किती वेगळं आहे? तेव्हा अँटीबॉडी निगेटिव्ह आली म्हणून शुगर तपासणं सोडू नका, वर्षातून एकदा करा. आणि नुसत्या एचबीएवनसीवर (साधारण ३ महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) राहू नका, आपल्या बायकांत लोह कमी असतं आणि लोहाच्या कमतरतेत ती खोटी वाढलेली दिसू शकते, सोबत उपाशीपोटीची शुगर घ्या.

आई. २० वर्षं गोळ्यांवर व्यवस्थित आहे म्हणजे तो टाईप टूच आहे, तिला टेस्ट नको, पैसे वाचवा.

रिपोर्ट आल्यावर काय ते आधीच ठरवून ठेवा. पॉझिटिव्ह आली तर पहिली गोष्ट, परत वेगळं रक्त देऊन खात्री करायची, एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. १च पॉझिटिव्ह आणि मोठं माणूस असेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवायचं, पुष्कळांचं पुढे काही होत नाही. २ असतील तर मोठ्या माणसाची वर्षातून एकदा, शुगर सरकलेली असेल तर ६ महिन्यांनी तपासणी (लहान मुलांची याहून लवकर), घरात ग्लुकोमीटर, आणि तहान-लघवी-वजन यातलं काही झालं तर त्याच दिवशी शुगर बघायची. ही माहिती असण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की भावासारखं किटोन वाढून आयसीयूत जायची वेळ येत नाही. जर्मनीत बव्हेरियामध्ये २०१५ पासून मुलांची अशी तपासणी चालू आहे, तिथे आधीपासून माहीत असलेली फार थोडी मुलं तशा अवस्थेत दवाखान्यात येतात.

औषध आहे का, तर आहे, टेप्लिझुमॅब. दुसऱ्या स्टेजला १४ दिवस शिरेतून देतात, अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये ८ वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी मान्यता मिळाली, आणि मूळ अभ्यासात आजार साधारण २ वर्षं पुढे ढकलला गेला. थांबवला नाही, ढकलला. तेव्हा तिकडे एका कोर्सची छापील किंमत जवळपास १ लाख ९४ हजार डॉलर होती. तेव्हा तुम्ही टेस्ट करताय ती या औषधाच्या भरवशावर नाही, वेळेवर कळावं म्हणून करताय, एवढं डोक्यात स्पष्ट ठेवा. लहान मुलीला २ वर्षं इन्सुलिनशिवाय मिळणं म्हणजे किती, हे मात्र मी कमी लेखणार नाही.

आणि ज्यांना आधीच शुगर आहे अशा मोठ्यांबद्दल एक, कारण माझ्या मते कोकणात आज अँटीबॉडी टेस्टचा सगळ्यात जास्त उपयोग इथे आहे, निरोगी माणसांत नाही. गोळ्या घेऊन पण शुगर वर्षभरात हाताबाहेर जातेय, वजन न ठरवता उतरतंय, वय ३५ च्या आत आहे, किंवा स्वतःला नाहीतर घरात थायरॉईड-कोड-सिलिॲक असं काही आहे, अशा माणसाने डॉक्टरांना स्वतःहून विचारावं की माझी गॅड करायची का. गॅड निगेटिव्ह आली तरी संशय दाट असेल तर आयए-टू आणि झिंकवाली करतात. यात उशीर का नको, तर हल्ली डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या स्वस्त झाल्यात, टाईप टूला चांगल्या आहेत, मी पण लिहितो, पण न ओळखलेल्या टाईप वनमध्ये त्याच गोळीवर शुगर २०० च्या आसपास दिसत असताना किटोन चढू शकतात आणि घरचे म्हणतात शुगर तर एवढी नाही, मग उलट्या पित्ताच्याच. तुमच्या भावाच्या जुन्या चिठ्ठ्यांमध्ये ही गोळी होती का ते एकदा बघा, आणि असली तर सध्याच्या डॉक्टरांना सांगून ठेवा म्हणजे परत कोणी देणार नाही. इन्सुलिन तर स्वतःच्या मनाने एक दिवस पण बंद करायचं नाही, झाडपाल्याचं औषध कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

आईने स्वतःला दोष लावून घेतलाय असं तुम्ही लिहिलंय, माझ्यामुळे त्याला झालं म्हणून. तिला सांगा की तिचा आजार वेगळा आणि त्याचा वेगळा, नाव फक्त एक. त्याने आंबे खाल्ले म्हणून पण झालेला नाही, आणि तिने काही कमी केलं म्हणून पण नाही.

आता रक्त द्यायचं ते कसं. अँटीबॉडीसाठी उपाशी राहायची गरज नाही, भाचीला नाश्ता देऊनच न्या. आपल्याकडची सॅम्पल बहुतेक मुंबई-पुण्याला जातात, तेव्हा शनिवारी देऊ नका, सोमवार-मंगळवारी द्या म्हणजे मधे कुठे पडून राहत नाहीत, आणि पावसात घाट बंद असेल तर २ दिवस थांबा. देण्याआधी लॅबला विचारा की चारही होतात का, पॅकेजच्या नावाखाली बरेचदा एकटी गॅड असते. भावाचं सी-पेप्टाईड, म्हणजे त्याचं स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते, आजार ३ वर्षांचा झाला की एकदा करा, जेवणानंतर केलं तरी चालतं, पण त्याच वेळची शुगर बरोबर पाठवा आणि ते रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्यायला सांगा, साध्या ट्यूबमध्ये प्रवासात ते खराब होऊन खोटं कमी येतं.